बाळाची वाढ ‘बांधली’ गेली आहे का?

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, वर्गात सगळ्यांत बुटका. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्टमध्ये आयजीएफ-१ कमी आलं आणि खाली ‘आयजीएफ बाइंडिंग प्रोटीन-३’ असंही लिहिलंय. शेजारी म्हणतात, हे प्रोटीन वाढीचा रस बांधून ठेवतं, ते कमी करायचं औषध द्या. खरं आहे का?
— एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, असं कुठलंही औषध देऊ नका. ‘बाइंडिंग’ या शब्दाने तुम्हाला घाबरवलंय.

आयजीएफ-१ हे शरीराची वाढ घडवणारं, ७० अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन येतं, त्याच्या सांगण्यावरून यकृत ते बनवतं. रक्तात मोकळं सोडलं तर काही मिनिटांत संपतं. म्हणून बाइंडिंग प्रोटीन-३ आणि आणखी एक प्रथिन मिळून त्याला धरतात. या तिघांच्या जुडीत ते बारा तासांहून जास्त टिकतं. रक्तातलं बहुतेक आयजीएफ अशाच जुडीत असतं. एवढी मोठी जुडी रक्तवाहिनीबाहेर सहज पडत नाही, म्हणजे साठाच झाला. केळीचा घड गाडीत पाला अंथरूनच ठेवतात ना? तो पाला घडाचा शत्रू नव्हे.

आयजीएफ इन्शुलिनच्या घराण्यातलं आहे. रक्तात ते इन्शुलिनच्या कित्येक पटींनी असतं. सगळं मोकळं असतं तर साखर धोकादायक खाली गेली असती. हे धरून ठेवणं किती मोलाचं आहे, बघा.

मग हाडापर्यंत पोचतं कसं? ऊतींतली काही एन्झाइम्स बाइंडिंग प्रोटीनचे तुकडे करतात, पकड सैल होते. सुटलेलं आयजीएफ पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, बिलगतं. रिसेप्टरचा आकार बदलतो, आतल्या बाजूचे भाग एकमेकांना फॉस्फेट चिकटवतात आणि पेशीला वाढीचा निरोप मिळतो.

बाइंडिंग प्रोटीन-३ सुद्धा ग्रोथ हार्मोनवरच वाढतं, म्हणून दोन्ही एकत्र मोजतात. दोन्ही कमी असतील तर हार्मोनची पुढची तपासणी लागू शकते. पण आयजीएफ-१ पोटाला कमी पडलं तरी घसरतं. बाइंडिंग प्रोटीन-३ त्या मानाने कमी हलतं. माझ्याकडे शिरपूरकडचा एक पोरगा आला होता, फार किडका. घरच्यांनी कळण्याची भाकरी, डाळ, अंडी, दूध नेमाने दिलं. काही महिन्यांनी आकडा वर आला. म्हणून मी आधी ताटाबद्दलच विचारतो.

बाजारात ‘आयजीएफ’ची पावडर मिळते म्हणे. प्रथिन पोटात पचून जातं, पैसे घालवू नका. थायरॉइड आणि गव्हामुळे आतड्याला इजा होते तो सीलिअ‍ॅक आजार, हे तपासलं का, ते डॉक्टरांना विचारा. रिपोर्टमधला आकडा वयाच्या आणि वयात येण्याच्या टप्प्याच्या तक्त्याशी ताडून बघायला सांगा. शाळेच्या नोंदीत गेल्या दोन वर्षांची उंची असेल, तो कागद सोबत न्या.