गोधड्या शिवून गरजूंना द्यायच्या आहेत. सोलापुरात सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की नोकरीतून मोकळ्या झालात, घरात जुन्या साड्यांचा ढीग आहे, हाताला शिवणाची सवय आहे, आणि गोधड्या कोणाच्या तरी उपयोगी पडाव्यात असं वाटतं. मग सुईत दोरा ओवायच्या आधी एक गोष्ट विचारून या: ज्यांना देणार ते ती धुणार कशी आणि वाळवणार कुठे? मला हे फजिती झाल्यावर कळलं.

मी वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला होते. कापाकापीत निघालेले टॉवेलचे तुकडे किलोवर विकले जायचे. ते आत घातले तर काय ऊब येईल, असं डोक्यात आलं. अशा ११ मोठ्या गोधड्या शिवल्या. वरखाली साडी, मध्ये टॉवेलचे दोन थर. टॉवेलच्या धाग्यांत सुई अडकून अडकून बोटांची चाळण झाली. एका वसतिगृहाला दिल्या. नारळ मिळाला, शाल मिळाली, फोटो झाला. पुढच्या श्रावणात सहज डोकावले, तर सगळ्या कोठीच्या खोलीत गठ्ठा करून ठेवलेल्या, कुबट वास येत होता. तिथल्या मावशी म्हणाल्या, "ताई, कोरडीच साडेतीन किलो भरती. भिजली की दोघींना पिळवंना. पोरं अंथरुणात मुततात, रोज कोण धुणार ओ?" त्यांचं काय चुकलं?

तेव्हापासून माझं गणित एकच: सकाळी धुतली तर संध्याकाळी अंथरता आली पाहिजे. म्हणजे तीन थर, त्यापेक्षा जास्त नाही. आणि मोठ्यांच्या गोधड्यांचा नाद सोडून मी लहान मुलांच्या शिवते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. तिचे ९० सेंटीमीटरचे सहा तुकडे पडतात, तीन-तीन थर लावले की एका साडीत दोन गोधड्या. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, एक मीटरच्या थोडा वरच असतो, त्यामुळे जोड द्यावा लागत नाही. नऊवारी मिळाली तर लॉटरीच, त्यात तीन होतात. पण हल्ली नऊवारी देतंय कोण!

साडी फक्त सुती घ्या. हे मी फार कडकपणे सांगते. सिंथेटिक घाम शोषत नाही हे तर झालंच. पण ज्यांच्याकडे गोधडी जाणार त्यांची चूल अंथरुणापासून दोन हातांवर असते. ठिणगी पडली तर सुती कापड जळतं, सिंथेटिक वितळतं आणि कातडीला चिकटतं. लोक पिशव्या भरभरून जॉर्जेट आणून देतात, मी हात जोडून परत करते. काही बायका रागावतात. रागावू दे.

साडी उजेडासमोर धरून बघा. जिथे वर्षानुवर्षं घडी पडली तिथे ती आधी विरते. दोन्ही हातांनी ताणल्यावर टर्र झालं तर तो भाग मधल्या थरात घाला, नाहीतर ठिगळाला वापरा. आधी सगळं धुवा, खळ निघू द्या. गडद रंगावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग उतरला तर ती बाजूला. काळी साडीही मी बाळाच्या गोधडीला घेत नाही. आपल्याकडे संक्रांतीला काळं चालतं, पण बाळंतिणीच्या हातात ठेवलं की चेहरा पडतो. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

आता शिवण. तीन थर जमिनीवर पसरून हाताने सुरकुत्या बाहेर ढकला आणि आधी कच्चा लांब दोरा घालून घ्या, नाहीतर शेवटी एका कोपऱ्यात कापड गोळा होतं. मग कडेपासून धावदोरा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. टाका गव्हाच्या दाण्याएवढा. लांब टाका पटापट होतो, पण त्यात बाळाचं बोट अडकतं आणि आईची जोडवी अडकतात. गाठ थरांच्या आत ओढून घ्या. एका गोधडीला ३५-४० मीटर जाड सुती दोरा जातो. माझ्या चार-पाच दुपारी जातात. टिकल्या, बटणं, जरीचा काठ असं काहीही नको. आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर गोधडी घालायची नाही, खाली अंथरायची, हे देताना तोंडाने सांगा.

शिवायचं ते फाल्गुन-चैत्रापासून. सोलापूरचं ऊन फुकट आहे, त्याचा एवढा तरी फायदा घ्यावा. पावसाळ्यात साड्या नीट वाळत नाहीत.

एकटीने करू नका. आमच्या पूर्व भागात मला माणसं शोधावी लागलीच नाहीत. शेजारची एक तेलुगू बोलणारी पद्मशाली आजी बघून म्हणाली, हा तर आमचा बोंता. समोरची कानडी काकू म्हणाली, कौदी. मी वाकळ म्हणते. तीन भाषांत भांडण असं झालं की सगळ्या बसल्याच शिवायला. काकूंचा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे, हे मी त्यांच्यासमोर कबूल करत नाही.

द्यायचं कुठे? दवाखान्यात परस्पर नेऊ नका. तिथे निर्जंतुक कापडाचे नियम असतात, आधी विचारा. मी देते ऊसतोडीच्या टोळ्यांना. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या येतात, कारखान्याच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात, आणि नेमके थंडीचे महिने तान्ही पोरं घेऊन बायका तिथे असतात. आधी मुकादमाला भेटा. संध्याकाळी जा, पहाटे त्या उसाच्या फडात गेलेल्या असतात. कोप्या मोजून तेवढ्या न्या. दोन कमी पडल्या की पुढचा तासभर तुमची मान वर होत नाही.

काहीजणी विचारतात, एवढा उपद्व्याप कशाला, सोलापुरी चादर विकत घेऊन द्यावी. द्या की! मोठ्या माणसाला चादरच बरी. टिकते, धुवायला सोपी, आणि आपल्याच माणसांच्या मागावर विणलेली. पैसे आहेत पण वेळ नाही, त्यांनी खुशाल चादरी द्याव्यात. बाळाला मात्र नवं कापड बोचतं, वापरून मऊ झालेली साडी लागते.

मागच्या हंगामात एका कोपीत एका पोरीने, वीस-बावीसची असेल, गोधडी हातात घेतली, उलटी केली, वजन बघितलं, कोपरा बोटांत चोळला. नक्षीकडे बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाली, "आक्का, हिला एक नाडी लावा की. बांबूला अडकवली की वाळंल. खाली टाकली तर कुत्री बसत्यात." तेव्हापासून प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्याला सुती नाडीचा फास लावते. फास बोटभरच ठेवा आणि दोनदा शिवा. लांब ठेवला तर बाळाच्या गळ्याशी येईल.