जुनी सिटी व्हीटेक घेताय? इंजिनाच्या आवाजाआधी इंजिनाचा नंबर बघा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून जरा लांबच लिहितोय. २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, गुजरात पासिंग, गाडी सध्या नाशिकला. आरसी जुन्या पुस्तकाच्या रूपात, ऑनलाइन नंबर टाकला तर काहीच दिसत नाही, आणि विकणारा म्हणतोय की एजंट सगळं करून देईल. घ्यावी का, आणि आजच्या काळात या गाडीत एवढं काय आहे, हे तुमचे दोन प्रश्न. क्लच, सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट, पत्रा हे तुमचा मेकॅनिक बघेलच, त्यात मी पडत नाही.

दुसरा प्रश्न आधी घेतो. व्हीटेक म्हणजे इंजिन वेगात फिरायला लागलं की व्हॉल्व्ह जास्त उघडायची होंडाची युक्ती. होंडाने ती पहिल्यांदा १९८९ मध्ये इंटेग्रा या गाडीत आणली, तेव्हा टर्बोशिवाय १६०० सीसीतून १६० अश्वशक्ती काढली होती. म्हणजे लिटरमागे शंभर, आणि तेही रोजच्या वापराच्या गाडीत. आपल्या सिटीत त्याचं साधं रूप आलं, सिंगल कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा एकच), फक्त इनटेक म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर काम करणारं. १५०० सीसी आणि १०६ अश्वशक्ती. आकडा आज मोठा वाटणार नाही, पण गाडी टनाच्या आसपास वजनाची आहे आणि खरी ताकद अगदी वर, साडेसहा हजार आरपीएमच्या पुढे मिळते. दोन-तीन हजारांत ती घरच्यांना घेऊन शांतपणे जाणारी सेडान असते. काटा वर गेला की तेलाच्या दाबाने व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या रॉकर आर्ममधल्या पिना सरकतात, व्हॉल्व्ह जास्त उंच आणि जास्त वेळ उघडायला लागतात, आणि इंजिनाचा आवाजच बदलतो. हल्लीच्या छोट्या टर्बो गाड्या दीड-दोन हजारांवरच सगळा जोर देऊन मोकळ्या होतात, वर नेऊन हाती काही लागत नाही. इथे गिअर योग्य वेळी टाकला तरच गाडी पळते, आणि टाकला की लगेच दाद देते. शिवाय काचांमधले पातळ खांब, खाली असलेला डॅशबोर्ड, हायड्रॉलिक स्टिअरिंग. रस्ता दिसतो आणि हाताला कळतो. २००३ च्या अखेरीस नवी सिटी आली ती ७७ अश्वशक्तीची. मायलेज चांगलं, जागा भरपूर, पण ज्यांनी आधीची चालवली होती त्यांचं मन तिच्यात रमलं नाही. जुनी अजून शोधली जाते ती म्हणूनच.

आता कागद. ऑनलाइन न दिसणारं पुस्तक वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण माझी गाडीही परराज्यातली होती. आरसी पुस्तकात इंजिन नंबरात जिथे इंग्रजी बी होता, तिथे जुनं रेकॉर्ड संगणकात चढवताना कुणीतरी ८ टाकला होता. एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवायला मूळ आरटीओकडून लागणारं ना-हरकत पत्र, त्याच चुकीच्या नंबराने निघाली. इकडचं कार्यालय म्हणालं, गाडीवरचा नंबर जुळत नाही, मूळ ठिकाणाहून दुरुस्त करून आणा. मूळ कार्यालय म्हणालं, आम्ही एनओसी दिली, फाइल आमच्याकडून गेली, आता आम्हाला हात लावता येत नाही. खिडकीवर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी तोंडी उत्तर. लेखी कुणी काही देईना. दरम्यान पासिंगची मुदत संपली, उशिराचा दंड महिन्यागणिक चढत गेला, आणि उत्तम चालणारी गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. एका अक्षरासाठी! ज्यांनी ते चुकीचं टाइप केलं त्यांचा एक रुपया गेला नाही, भुर्दंड सगळा मालकाला. आजही आठवलं की संताप होतो.

सुटलं कसं ते सांगतो. चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिल छाप, फोटो, पहिल्या विक्रीच्या बिलाची प्रत, आणि सोबत लेखी अर्ज. अर्ज आवक-जावक विभागात देऊन पोच घेतली. पोचेवर आवक क्रमांक पडल्यावर मात्र त्यांना उत्तर देणं भाग पडलं. जुनी एनओसी रद्द झाली, नोंद दुरुस्त झाली, नवी निघाली.

म्हणून तुम्हाला माझं ठाम मत: टोकन देण्याआधी विकणाऱ्याला मूळ आरटीओतून 'वाहन' या आरटीओच्या संगणक प्रणालीत बॅकलॉग नोंद करून घ्यायला लावा, म्हणजे जुन्या पुस्तकातली माहिती ऑनलाइन चढेल. एनओसी त्यानंतर. हे काम त्याचं आहे, तुमचं नाही. एनओसी निघाल्यावर दुरुस्तीला गेलात तर माझ्यासारखेच दोन्हीकडून टोलवले जाल. नोंद झाली की प्रत्येक अक्षर स्वतः ताडून बघा, एजंटवर सोडू नका.

इंजिन नंबर बघण्याचं आणखी एक कारण आहे. १.३ लिटरच्या साध्या सिटीच्या बॉडीत व्हीटेक इंजिन बसवून मागे बॅज चिकटवलेल्या गाड्या फिरतात. इंजिन बदललं असेल आणि आरसीवर तशी नोंद नसेल तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरफारांवरचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर फेरफारांकडे कडकपणे बघितलं जातं. मोठा सायलेन्सर आणि खाली बसवलेली स्प्रिंग असलेली गाडी मी तरी घेणार नाही. मूळ अवस्थेतलीच शोधा.

खर्चही धरून ठेवा. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. वर पर्यावरण कर, आणि परराज्यातली म्हणून आपल्याकडचा रोड टॅक्स. 'व्हिंटेज म्हणून सवलत मिळेल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते. मी वकील नाही, कार्यालयागणिक पद्धत बदलते, तेव्हा फीचे आकडे भरण्याआधी एकदा तपासा.

जाता जाता: ट्रायलला गाडी वर ओढत नसेल तर लगेच इंजिन गेलं असं समजू नका. आधी तेलाची पातळी बघा, मग व्हीटेक सोलेनॉइडची, म्हणजे पिनांकडे तेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची, जाळी. घाण तेलाने ती तुंबते, दाब पोचत नाही आणि पिना सरकतच नाहीत. या मुद्द्यावर भावही पाडून घेता येतो. हेडलाइट, काचांची रबरं आणि आतलं प्लास्टिक मात्र शाबूत हवं, कारण इंजिनाचे भाग जुळवता येतात, हे मिळवताना दमछाक होते.

विकणारा बॅकलॉगला तयार झाला तर घ्या, बिनधास्त घ्या. टाळाटाळ करत असेल तर दुसरी बघू. इंजिन नंबरवरची काजळी रॉकेलच्या फडक्याने पुसून फोटो काढा आणि आरसीच्या फोटोसोबत इथे टाका. दोन्हीतले शेवटचे चार आकडे झाकून टाका, ते तुमचे तुम्ही जुळवा, बाकीचं मी बघून सांगतो.