खाटेशी बस, लिहून काढ

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. घोणस चावून मूत्रपिंड बंद पडलेले, डायलिसिसवर वाचलेले रुग्ण घरी गेल्यावर त्यांच्या मूत्रपिंडाचं पुढे काय होतं, हा तुझा प्रश्न. त्यासाठी तीन वर्षं त्यांच्यामागे हिंडावं लागेल आणि हाती येईल एकच पेपर, म्हणजे शोधनिबंध. मित्राच्या गटात शिरलीस, तर दुसऱ्यांच्या पेपरांची आकडेमोड करून वर्षाला चार-पाच निघतील. काय करू, विचारतेस.

तुझ्या पत्रात एच-इंडेक्स हा शब्द पाच वेळा आलाय आणि रुग्ण दोनदा. त्याचा मला राग आला, हे आधीच सांगतो. तुझा एच-इंडेक्स ४ म्हणजे तुझ्या चार पेपरांचा प्रत्येकी किमान चार वेळा कुणीतरी आपल्या पेपरात उल्लेख केला. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये सुचवलेलं हे माप. तुझं नाव पहिलं होतं की सातवं, हेसुद्धा त्यात कळत नाही. जर्नलचं वजन ज्यावर ठरवतात तो इम्पॅक्ट फॅक्टर तर मागच्या दोनच वर्षांतल्या लेखांचे उल्लेख धरतो.

त्या दोन वर्षांत शंभूनाथ डे कुठे बसले असते? कोलकात्याच्या या पॅथॉलॉजिस्टनं सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला आणि त्यात कॉलऱ्याचे जंतू गाळून काढलेला द्रव सोडला. जंतू नसतानाही आतडं पाण्यानं तट्ट फुगलं. म्हणजे जुलाब होतात ते जंतूंनी सोडलेल्या विषानं. हे १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं, आणि पहिली काही वर्षं त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. डे १९८५ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर गौरवलेख लिहिला तो यूजीन गारफिल्डनं, ज्यानं उल्लेख मोजायची ही सगळी पद्धत उभी केली त्यानंच.

खाटेशी बस आणि लिहून काढ. दुसरं काही मला सांगायचं नाही.

हिंमतराव बावस्करांनी महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हेच केलं. विंचू चावलेल्या माणसाशेजारी रात्रभर बसायचं आणि उलट्या कधी सुरू झाल्या, दरदरून घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले ते टिपायचं. ही लक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. विषानं शरीरातच उसळणाऱ्या रसायनांचा रक्तवाहिन्यांवर मारा होतो, तो अडवायला रक्तदाबाची साधी प्राझोसिनची गोळी चालते, हे १९८६ मध्ये. त्यांच्याकडे कुठली लॅब होती? घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र आणि वही.

आता माझं ऐक. हे मी फार थोड्या जणांना सांगितलंय. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कापसाच्या पट्ट्यात निवासी डॉक्टर होतो. कीटकनाशक प्यालेले रुग्ण रोज यायचे. अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधानं सावरायचे, बोलायला लागायचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखाद्याला उशीवरून मान उचलता यायची नाही. मग श्वास थांबायचा. असे चौदा जण माझ्या वहीत होते. वरिष्ठांना वही दाखवली. ते म्हणाले, यात लिहिण्यासारखं काय आहे? मी वही मिटली. १९८७ मध्ये सेनानायके आणि करालियद्दे या श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी नेमकं हेच ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये लिहिलं. त्यांच्याकडे दहा रुग्ण होते.

दहा.

नंतर मी पेपर लिहिले नाहीत असं नाही. साठाच्या वर आहेत. त्यातल्या निम्म्यांवर माझं नाव मी विभागप्रमुख होतो म्हणून आहे. बढतीला पेपर लागतातच, घर होतं, दोन मुलांची शिक्षणं होती. त्या काळी सगळेच असं करत. हे लिहिताना मी स्वतःची बाजू मांडतोय, हे मला कळतं. पण मी अगदीच चुकलो असं आजही म्हणवत नाही. नोकरी टिकली म्हणून वॉर्ड टिकला. चुकलो ते वही मिटण्यात. तुलाही बढतीपुरते पेपर लागतील, ते कर. मित्राच्या गटात वर्षाला एक लिही, आणि जे काम तू केलं नाहीस त्यावर नाव घेऊ नकोस. पण वॉर्डातला तुझा प्रश्न सोडलास, तर पुन्हा मला पत्र लिहू नकोस.

चिडलो, माफ कर. घोणशीचे रुग्ण परत येत नाहीत म्हणतेस. येतील कसे? एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडते. डिस्चार्जच्या वेळी दोन फोन नंबर घे, एक घरचा आणि एक शेजारच्याचा. आशाताईंशी ओळख ठेव. आठवडी बाजाराच्या दिवशी ते तालुक्याला येतातच, तपासणी त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात ठेव. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय ते त्यावरून कळतं), रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला. नीतिसमितीचा अर्ज याच महिन्यात टाक. पावसाळा लागला की घोणशीचे रुग्ण वाढतील, तोवर वहीचे रकाने आखून ठेव.

तुझा,
सर