निशि-कासाई स्टेशनबाहेरची ती दोन मुलं दिवसभर करतात काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोकियोत निशि-कासाईला राहता, स्टेशनबाहेर पांढरा शर्ट आणि छातीवर काळा बिल्ला लावलेली दोन अमेरिकन मुलं दिसतात, दोघांच्याही आडनावापुढे 'चोरो' लिहिलेलं असतं. ती कोण, पगार किती, दिवसभर काय करतात, आणि घरी जेवायला बोलावलं तर काय वाढायचं?

ही मुलं म्हणजे एका ख्रिस्ती चर्चचे मिशनरी, धर्मप्रसारासाठी घर सोडून आलेले. 'चोरो' म्हणजे ज्येष्ठ, इंग्रजीतल्या 'एल्डर'चं जपानी रूप. हे ज्येष्ठ असतात एकोणीस-वीस वर्षांचे! मुली असतील तर बिल्ल्यावर 'शिमाई', म्हणजे भगिनी. पहिलं नाव मिशनच्या काळात कोणी वापरत नाही, जोडीला दिलेला सोबतीसुद्धा आडनावानेच हाक मारतो. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', मुख्यालय अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला. जपानमध्ये हे मिशनरी पहिल्यांदा १९०१ साली योकोहामाला उतरले. १९२४ मध्ये काम बंद पडलं आणि १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं.

पगार शून्य. उलट पैसे हेच भरतात. अमेरिकेतून येणाऱ्या मुलाच्या घरून महिन्याला ५०० डॉलर जातात (जुलै २०२० आधी ४०० होते). जगात कुठेही पाठवलं तरी आकडा तोच, कारण सगळा पैसा एका सामाईक खात्यात जाऊन तिथून वाटला जातो. देश निवडता येत नाही, चर्च नेमेल तिथे जायचं. मुलांना २४ महिने, मुलींना १८. जपानी शिकायला युटातल्या प्रोव्हो इथल्या प्रशिक्षण केंद्रात साधारण नऊ आठवडे मिळतात. तेवढ्यात प्रार्थना आणि ओळख करून देणं जमतं. समोरच्या आजीबाई बोलीभाषेत सुरू झाल्या की मात्र गाडी अडते.

आता दिवस. धर्मप्रसार त्यातला एक भाग झाला. त्याहून मोठं काम म्हणजे संसार, आणि तोही एकमेकांना न निवडलेल्या दोन मुलांचा. सोबत्याला नजरेआड करायचं नाही, हा पहिला नियम. न्हाणीघर सोडलं तर चोवीस तास एकत्र. खोली एक, पलंग किंवा फुतोन (जमिनीवर अंथरायची जपानी गादी) वेगवेगळे. दर आठवड्याला समोरासमोर बसून 'तुझं हे चांगलं, हे मला खटकतं' असं बोलायचं, हा कामाचाच भाग. मला विचाराल तर मिशनमधली सगळ्यात अवघड बैठक हीच. लोकांची दारं तोंडावर बंद होण्याची सवय महिनाभरात होते. सोबत्याचं मचमच आवाज करत खाणं सहाव्या आठवड्यातही तितकंच डोक्यात जातं.

सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम. जपानी लाकडी 'आपातो'मध्ये, म्हणजे भाड्याच्या छोट्या अपार्टमेंटमध्ये, इथेच पहिली चूक होते. नवीन मुलगा उड्या मारायला लागतो आणि खालच्या मजल्यावरून घरमालकाला फोन जातो. जुने मिशनरी म्हणून जोर-बैठकांवर आणि बाहेर धावण्यावर भागवतात. मग आंघोळ, नाश्ता, एकट्याने शास्त्रवाचन, सोबत्याबरोबर लोकांना शिकवायच्या धर्माच्या धड्याची तयारी, तासभर जपानी. २०१७ पासून वेळापत्रक थोडं सैल झालंय, देशानुसार तास पुढेमागे करता येतात. तरी दहा-अकराच्या सुमारास घर सोडायचं, रात्री नऊला परत, कुठे धडा चालू असेल तर साडेनऊ, आणि साडेदहाला दिवे बंद.

जपानमध्ये या वेळापत्रकाला एक मुळातलीच खोट आहे. भेटायला हवीत ती माणसं ऑफिसातून आठ-नऊला घरी येतात, आणि हे नेमके तेव्हा परत फिरतात. दुपार त्यामुळे पोकळ जाते. दारं वाजवली तर इंटरकॉमवरून 'केक्को देस', म्हणजे 'नको', एवढंच ऐकू येतं. दारोदार फिरण्यातून फारसं काही हाती लागत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. खरी ओळख होते ती चर्चमधल्या फुकट इंग्रजी वर्गातून, स्थानिक सभासदांच्या मित्रांमधून आणि आता फोनवरून. फोनमध्ये ठरावीक ॲप्स असतात, सिनेमे आणि गेम नाहीत. पोहणं आणि प्रेमप्रकरण दोन्ही बंद.

हे फिरतात सायकलीने, आणि त्या सायकलीबद्दल मात्र पूर्ण उत्तर लिहिता येईल. पंक्चर बहुतेक वेळा खिळ्याने होत नाही, हवा कमी असल्याने होतं. चाक फुटपाथच्या कडेवर चढताना ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते, शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. पॅच दोन्हींवर लावावा लागतो. एकावरच लावला की पुढच्या चौकात पुन्हा खाली उतरायची वेळ. दर आठवड्याला हवा भरली तर निम्मा त्रास वाचतो. जपानी घरगुती सायकलींना इंग्लिश व्हॉल्व्ह असतो, त्याला पंपाची चिमटावाली क्लिप लागते. अमेरिकेहून आणलेला पंप बसत नाही म्हणून बरेच जण पहिल्याच आठवड्यात फसतात. चोरीविरोधी नोंदणीचं स्टिकर नसेल तर पोलीस थांबवून मालकी विचारतात. छत्री धरून चालवणं बेकायदा, म्हणजे पावसात रेनकोटच. स्टेशनजवळ मनाई असलेल्या जागी लावली तर सायकल उचलून नेतात, सोडवायचे पैसे वेगळे.

सोमवार हा त्यांचा तयारीचा दिवस, संध्याकाळी सहापर्यंत. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घरी फोन. पूर्वी घरी फक्त नाताळ आणि मदर्स डेला बोलता यायचं, फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येतं. जपानातले सोमवारी सकाळचे नऊ म्हणजे युटात उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळचे सहा, म्हणजे घरचे सगळे हजर. पण याच दिवशी आठवड्याचे शर्ट धुवायचे, आणि जून-जुलैच्या पावसाळ्यात ते वाळत नाहीत. ड्रायर सहसा नसतो. घरात वाळवले की कुबट वास येतो, तो घाम आला की पुन्हा उठतो. त्यापेक्षा ओले कपडे नाणी टाकून चालणाऱ्या लाँड्रीत अर्धा तास फिरवलेले बरे. फुतोनचंही तसंच. रोज उचलून घडी केली नाही तर अंगातली वाफ खाली जिरून ततामीला, म्हणजे खालच्या गवती चटईला, बुरशी धरते, आणि घर सोडताना घरमालक हिशेब मागतो.

कचऱ्याची गंमत वेगळी. जळणारा कुठल्या वारी, प्लास्टिक कुठल्या वारी, बाटल्या कधी, हे वॉर्डागणिक बदलतं. घरातल्या ज्या मुलाला हे पाठ असतं त्याचीच बदली होते. शहाणे लोक वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून जातात. नाहीतर लाल स्टिकर लागलेली पिशवी दारात परत येते आणि शेजाऱ्यांचं मत कायमचं ठरतं.

बदल्या दर सहा आठवड्यांच्या हिशेबाने होतात. कोण, कुठे, कोणाबरोबर हे मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या मिशनरींचा प्रमुख, ठरवतो. तो पत्नीसह तीन वर्षांसाठी आलेला असतो. नवीन मुलाला पहिले बारा आठवडे एकच प्रशिक्षक देण्याचा प्रयत्न असतो. सामान कुरिअरने पुढे, मुलगा ट्रेनने मागून. खरी कटकट कागदाची: जुन्या पालिकेत गाव सोडल्याची नोंद, नव्या जागी १४ दिवसांत पत्ता बदलून रहिवासी कार्डावर छापून घ्यायचा. शेवटच्या दोन महिन्यांत मुलाचं लक्ष घरी लागलं की त्याला 'ट्रंकी' म्हणतात, म्हणजे मनाने ट्रंक भरून बसलेला.

महिन्याच्या खर्चाची रक्कम कार्डावर येते, आणि पंचवीस तारखेनंतर बहुतेक घरांत भात, अंडी आणि मोड आलेली कडधान्यं, म्हणजे 'मोयाशी', एवढंच उरतं. तेव्हा जेवायला जरूर बोलवा. पण चहा नाही! काळा, हिरवा, मसाला, बर्फाचा, कुठलाच नाही. ग्रीन टीही चालत नाही, हे चर्चच्या मासिकाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. जपानी 'मुगिचा' चालतो, तो भाजलेल्या सातूचा, त्यात चहाची पत्ती नसते. आपलं कोकम सरबत, ताक, पन्हं उत्तम. पत्ती न घालता उकळलेला गवती चहाही चालेल, पण 'चहा' म्हणून पुढे करू नका, बिचारे गोंधळतात. मांसाहाराला बंदी नाही, शाकाहाराचंही कौतुक होतं, तिखट बेताने. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास असतो, त्या दिवशी दुपारी बोलावू नका. घरात एकट्या ताई असतील तर दोन मुलगे आत येणार नाहीत, आणखी कोणी मोठं माणूस हवं. त्यात अपमान मानू नका. लहान मुलं त्यांच्यावर सोपवून बाहेर जाऊ नका, तेही नियमात बसत नाही.

जेवणानंतर ते धर्माबद्दल दोन शब्द बोलू का, असं विचारतील. नको असेल तर बोलावतानाच सांगा. आपलं 'बघू या पुढे' आणि जपानी लोकांचा आडवळणी नकार 'चोत्तो...' ('जरा...') त्यांना होकारासारखं ऐकू येतं, मग पुढच्या आठवड्यात पुन्हा दारात. स्पष्ट नाही म्हटलं तर हसून निघतात, आणि जेवायला तरीही येतात. सहाची वेळ द्या, म्हणजे आठपर्यंत निवांत. आणि या महिन्याचं आमंत्रण पुढच्यावर ढकलू नका, तोवर दोघांतला एक टोकियोच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असू शकतो.