बाळंतपणाला १४ महिने झाले, थकवा जात नाही, पाळी परतली नाही, टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) मात्र नॉर्मल. नागपुरात आता कोणाला दाखवू, काय तपासू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाळंतपणात रक्तस्राव जास्त झाला म्हणून दोन पिशव्या रक्त चढवलं, दूध जेमतेम आठवडाभर आलं आणि आटलं, पाळी अजून नाही, थकवा असा की बाळाला कडेवर घेऊन जिना चढवत नाही. हिमोग्लोबिन १०.४, टीएसएच २.१. आणि डॉक्टर म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका."

मी डॉक्टर नाही. पण याच गावात, हेच वाक्य ऐकत मी जवळपास तीन वर्षं काढली. तुमची ती वर्षं वाचावीत असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी मुलगी २०१६च्या जुलैत झाली. वार अडकली, ती काढेपर्यंत रक्त गेलं ते गेलं. चार पिशव्या चढवल्या. मला आठवतो तो वरचा पंखा आणि "डोळे उघडे ठेवा" म्हणणारा सिस्टरचा आवाज. सहाव्या दिवशी घरी आले. दूध आलंच नाही. छाती कधी भरून आली नाही, कधी ठणकली नाही. सासूबाईंनी अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, शतावरी कल्प, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. मालिशवाल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "वहिनी, हिची छाती थंडी हाये, दूध उतरत नाही." घरात सगळ्यांना वाटलं मी नीट खात नाही. मलाही तसंच वाटायला लागलं.

मग पाळी येईना. ज्यांना विचारावं ते म्हणत, अंगावर पाजताना येत नसते. अहो, पण मी पाजतच नव्हते! ही दोन वाक्यं कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नाहीत. काखेतले केस काढले ते पुन्हा उगवलेच नाहीत. हे मी कोणाला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगायची गोष्ट असते हेच माहीत नव्हतं. भुवया विरळ झाल्या, चेहरा पांढुरका पडला. आणि नागपूरचा मे महिना, बाहेर ४५ अंश, घरभर कूलरचा गारवा, आणि मी मागच्या खोलीत दार लावून स्वेटर घालून बसलेली. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "काहून व, थंडी वाजते का तुले या उन्हात?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

तीन ठिकाणी दाखवलं. लोहाच्या गोळ्या, बी-१२ ची इंजेक्शनं, डी जीवनसत्त्वाची पाकिटं. टीएसएच दर वेळी दोनच्या आसपास, म्हणून थायरॉइडचा विषय दर वेळी तिथेच मिटायचा.

२०१९च्या मे महिन्यात घरात सगळ्यांना उलट्या-जुलाब झाले. बाकीचे दोन दिवसांत उठले, मी उठलेच नाही. बीपी ८०पर्यंत उतरलेलं, ग्लानी, रक्तातलं सोडियम खूप घसरून ११७. ऊन लागलं असंच सगळे धरून चालले होते. रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, "बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का? दूध आलं होतं का?" आईनं सगळं सांगितलं. त्यांनी आधी कॉर्टिसोल या हार्मोनसाठी रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी उठून बसून वरण-भात खाल्ला. कॉर्टिसोल अगदी कमी, १.२ आलं होतं, फ्री टी४, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, खूप खाली, आणि टीएसएच तोच आपला १.९. पुढे एमआरआयमध्ये पिट्युटरीची जागा जवळजवळ रिकामी दिसली.

याला शीहान सिंड्रोम म्हणतात. हॅरोल्ड शीहान नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९३७ साली त्याचं वर्णन केलं. पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या खाली असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. गरोदरपणात ती फुगते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानानं वाढत नाही. अशात बाळंतपणात एकदम खूप रक्त गेलं, बीपी कोसळलं, की ग्रंथीचा भाग रक्ताविना मरतो. दूध, पाळी, थायरॉइड, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून येणारं कॉर्टिसोल, या सगळ्यांना हुकूम इथूनच सुटतो. म्हणून आधी दूध येत नाही, मग पाळी, आणि बाकीचं हळूहळू, कधी कधी वर्षानुवर्षं, उतरत जातं.

टीएसएचचं नीट समजून घ्या, तुमचा प्रश्न इथेच अडलाय. टीएसएच थायरॉइड बनवत नाही, पिट्युटरी बनवते. थायरॉइड आळशी झालं तर पिट्युटरी ओरडते आणि टीएसएच वाढतो, म्हणून एरवी ती एक चाचणी पुरते. पण बिघाड पिट्युटरीतच असेल तर ओरडणार कोण? टीएसएच नॉर्मल दिसतो, कधी कमी, आणि थायरॉइडचं हार्मोन मात्र तळाला गेलेलं असतं. त्यामुळे तुमच्या बाबतीत नुसत्या टीएसएचवर "नॉर्मल" म्हणता येत नाही. सोबत फ्री टी४ हवाच.

आता घाबरू नका. तुम्हाला हेच आहे असं मी अजिबात म्हणत नाही. माझी गोष्ट तुमच्या गोष्टीशी जुळते, त्यामुळे हे तपासून बाजूला काढायला हवं, एवढंच. साधी कारणं खूप जास्त आढळतात. पहिलं म्हणजे पाळी नाही तर आधी घरीच प्रेग्नन्सी टेस्ट करा, हे बरेचदा राहून जातं. दुसरं, १०.४ हिमोग्लोबिन नॉर्मल नाही. गरोदर नसलेल्या बाईसाठी १२च्या खाली म्हणजे रक्त कमीच. फेरिटिन करून घ्या, म्हणजे लोहाचा साठा कळेल. आणि आपण विदर्भातले, म्हणून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी कधी झाली नसेल तर तीही. सरकारी दवाखान्यात होते. नुसत्या लोहाच्या गोळ्या वर्षभर गिळून रक्त वाढत नसेल तर हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा.

बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस, म्हणजे थायरॉइडला येणारी सूज, हाही काही जणींना होतो. त्यात पहिल्या काही महिन्यांत थायरॉइड जोरात धावतं, धडधड, घाम, वजन उतरणं. मग चार-सहा महिन्यांनी सुस्त पडतं. बहुतेकींचं वर्षभरात जाग्यावर येतं, काहींचं कायमचं राहतं. त्यासाठी टीपीओ अँटिबॉडी बघतात. डोक्यावरचे केस मूठमूठ गळणं बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी बऱ्याच जणींना होतं आणि थांबतं, त्यानं घाबरू नका. काखेतले आणि खालचे केस जाणं ही मात्र वेगळी गोष्ट, ती लाज न बाळगता सांगा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, आणि तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा. बायोटिनमुळे काही मशीनवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. हार्मोनच्या गोळ्या, स्टेरॉइडचा मलम, काही चालू असेल तर तेही, कारण कॉर्टिसोलचा आकडा त्यानं बदलतो.

मनाचंही लिहिते. उदास वाटणं, रडू येणं, बाळाजवळ जावंसं न वाटणं हे बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं, तो खरा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. शरीराचा आजार निघाला म्हणून मनाचा नसतोच असंही नाही. मला दोन्ही होते. जीव द्यावासा वाटला, बाळाबद्दल भलतेसलते विचार आले, तर त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दाखवायचं कोणाला? एन्डोक्रायनोलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना. धंतोली-रामदासपेठेत खासगी मिळतील, पाटीवर "मधुमेह व थायरॉइड" लिहिलेलं असलं तरी खाली डीएम एन्डोक्रायनॉलॉजी ही डिग्री बघा. पैशाची ओढाताण असेल तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात जा, ओपीडीचे वार आधी विचारून घ्या, म्हणजे बाळाला घेऊन उन्हात फुकटचा हेलपाटा होणार नाही.

डॉक्टर सहसा सकाळी आठचं कॉर्टिसोल, टीएसएचसोबत फ्री टी४, दूध आणि पाळीशी संबंधित हार्मोन (प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, एस्ट्रॅडिओल), सोडियम आणि साखर बघतात. संशय आला तरच पिट्युटरीचा एमआरआय. स्वतःहून लॅबमध्ये जाऊन सगळं पॅकेज करू नका, खर्च होतो आणि अर्ध्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं: फ्री टी४ कमी आला म्हणून कोणी लगेच थायरॉक्सिन लिहून दिलं, तर "कॉर्टिसोल बघितलं का?" हे विचारल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नका. कॉर्टिसोल कमी असताना आधी थायरॉइडची गोळी गेली तर माणूस कोसळू शकतो. आधी स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन, हाच क्रम. मला तसंच दिलं. आज सकाळी आणि दुपारी हायड्रोकॉर्टिसोन, पहाटे थायरॉक्सिन, शिवाय पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या. ताप आला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे स्टेरॉइडचा डोस दुप्पट करते, उलट्या झाल्या तर सरळ दवाखाना गाठून इंजेक्शन. पर्समध्ये तसं कार्ड असतं. मुलगी आता शाळेत जाते, तिला सोडायला मी रोज मानेवाड्यापर्यंत स्कूटी चालवते.

अपॉइंटमेंटची वाट बघताना उलट्या थांबेनात, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी आली, ग्लानी आली, तर थांबू नका. तडक कॅज्युअल्टी गाठा आणि आत शिरतानाच सांगा, "बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं, दूध आटलं, पाळी आली नाही."

जाण्याआधी डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. माझं तीन वर्षं लसीकरणाच्या फाइलमध्ये पडून होतं. त्यावर निळ्या शाईत एकच ओळ होती, "पीपीएच, ४ युनिट रक्त दिले". पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव. ती ओळ मी कोणत्याही डॉक्टरांना कधी दाखवलीच नव्हती. तुम्ही त्याच्या मागे एक कागद जोडा: किती पिशव्या, दूध कधी आलं, कधी गेलं, शेवटची पाळी कधी, थंडी, केस, वजन, सध्याची औषधं, सगळं तारखेनं. थकल्यावर तोंडी सांगताना निम्मं विसरतं. कॉर्टिसोलसाठी लॅबमध्ये आठपर्यंत पोचा, आणि सोबत कोणीतरी घ्या, बाळ सांभाळायला.