किनेस्कोप: टेप, फिल्म की चित्रफीत?

प्रश्न असा आहे: १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्याचं चित्रण गायक-अभिनेते बिंग क्रॉस्बी यांच्या घराच्या तळघरात सापडलं. त्याबद्दल लिहिताना कुणी 'टेप' म्हणतं, कुणी 'फिल्म', तर कुणी 'किनेस्कोप'. यातलं बरोबर कोणतं? आणि मराठीत सरसकट 'चित्रफीत' म्हटलं तर बिघडतं काय?

टेप साफ चूक. फिल्म बरोबर, पण अपुरं. किनेस्कोप नेमकं.

हा शब्द मुळात पिक्चर ट्यूबचा. व्लादिमिर झ्वोरिकिन या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने १९२९ मध्ये टीव्हीच्या चित्रनळीला हे नाव दिलं. ग्रीकमधल्या 'हलणं' आणि 'पाहणं' या अर्थाच्या दोन धातूंवरून ते आलं. आरसीए कंपनीने १९३२ मध्ये त्याचा ट्रेडमार्क घेतला आणि १९५० मध्ये सोडूनही दिला. म्हणजे आपल्याकडचा टीव्ही दुरुस्तीवाला 'ट्यूब गेली, बदलावी लागेल' असं जिच्याबद्दल सांगायचा, तोच हा किनेस्कोप. रशियन भाषेत आजही हाच अर्थ आहे. (झ्वोरिकिन तेव्हा पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाऊसच्या प्रयोगशाळेत होते आणि हा सामनाही पिट्सबर्गचाच. निव्वळ योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

अमेरिकेत अर्थ सरकला तो १९४७ नंतर. टीव्हीवरचा कार्यक्रम साठवून ठेवायला तेव्हा एकच उपाय होता: चांगल्या पिक्चर ट्यूबसमोर सिनेमाचा कॅमेरा लावायचा आणि ट्यूबवर दिसेल ते फिल्मवर टिपायचं. ईस्टमन कोडॅकने या कामासाठी खास कॅमेरा काढला तो त्याच वर्षी. या पद्धतीला 'किनेस्कोप रेकॉर्डिंग' म्हणू लागले, मग त्यातलं 'रेकॉर्डिंग' गळालं आणि रिळालाच किनेस्कोप म्हणायची पद्धत पडली. स्टुडिओतली माणसं तर नुसतं 'किनी' म्हणत. ब्रिटनमध्ये याच प्रकाराला टेलिरेकॉर्डिंग म्हणतात.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण खरी अडचण आकड्यांची होती. अमेरिकी टीव्हीवर सेकंदाला ६० 'फील्ड' दिसत. एका फील्डमध्ये एकाआड एक ओळी, आणि दोन फील्ड मिळून एक पूर्ण चित्र, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. बोलपटाची फिल्म धावते सेकंदाला २४ चौकटींनी. एका चौकटीच्या वाट्याला अडीच फील्ड येतात. त्यातली दोन फील्ड, म्हणजे १/३० सेकंद, शटर उघडं ठेवून टिपायची आणि उरलेल्या अर्ध्या फील्डच्या वेळात, म्हणजे १/१२० सेकंदात, शटर मिटून फिल्म पुढच्या चौकटीवर ओढायची. फिल्म एवढ्या झटक्यात ओढणं हे साध्या कॅमेऱ्याचं काम नव्हे, म्हणूनच खास यंत्र लागलं. शिवाय अर्धं फील्ड सुटत असल्याने एकाआड एका चौकटीचं चित्रण फील्डच्या मध्यावर सुरू व्हायचं. शटरची वेळ केसभर चुकली की सांध्याच्या जागी ओळी दोनदा टिपल्या जात किंवा अजिबात टिपल्या जात नसत. मग चित्राच्या मधोमध एक उजळ किंवा काळपट आडवा पट्टा लुकलुकत राही. त्याला शटर बार म्हणत.

आता क्रॉस्बी यांच्या रिळांकडे. ते पिट्सबर्ग पायरेट्स संघाचे भागीदार होते. आपण पाहिलं तर संघ हरेल या धास्तीने ते सामन्याच्या वेळी पॅरिसला जाऊन बसले, पण सामना मागाहून पाहायला मिळावा म्हणून एका कंपनीला त्याचा किनेस्कोप करायला सांगून गेले. १३ ऑक्टोबर १९६० रोजी फोर्ब्स फील्डवर पायरेट्सनी न्यूयॉर्कच्या यँकीजना १०-९ असं हरवलं. नवव्या डावात बिल मॅझरोस्कीने राल्फ टेरीचा चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे मारला आणि सामना तिथेच संपला. त्याआधी आठव्या डावात बिल व्हर्डनने मारलेला सरपटी चेंडू टप्पा पडून भलताच उसळला आणि थेट यँकीजच्या टोनी क्युबेकच्या गळ्यावर बसला. एकोणीस धावांच्या या सामन्यात एकही फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला नाही.

१६ मिमीची ही पाच रिळं डिसेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हिल्सबरोच्या घरी, मद्याच्या कोठीत मिळाली. एका फुटात ४० चौकटी, म्हणजे मिनिटाला ३६ फूट फिल्म. १२०० फुटांचं रीळ धरलं तर ते ३३ मिनिटं चालतं आणि पाच रिळांत पावणेतीन तास मावतात. सामना २ तास ३६ मिनिटांचा होता, तेव्हा हिशोब जुळतो. कोठी थंड आणि कोरडी होती हे नशीब, कारण ॲसिटेट फिल्म ऊब आणि दमट हवेत सडते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो आणि ती आक्रसते. मग कडेची भोकं यंत्राच्या दात्यांत बसेनाशी होतात.

'टेप' हा शब्द इथे का चालत नाही, तेही यातून कळतं. ॲम्पेक्स कंपनीचं व्हिडिओटेप यंत्र १९५६ मध्येच आलं होतं. दोन इंच रुंदीची चुंबकीय टेप सेकंदाला १५ इंच वेगाने धावे आणि तासाभराच्या रिळाला सुमारे ३०० डॉलर पडत. पण टेप पुसून पुन्हा वापरता येते, त्यामुळे सामना दाखवून झाला की तिच्यावर दुसरं काहीतरी चढवणं हाच व्यवहार होता. फिल्म एकदा टिपली की टिपली, ती पुसून नव्याने वापरता येत नाही. तेव्हा 'क्रॉस्बींची टेप सापडली' असं लिहिणारा नकळत नेमकी उलटी गोष्ट सांगतो.

नुसतं 'फिल्म' म्हटलं तर वेगळाच घोटाळा होतो. ३ ऑक्टोबर १९५१ चा बॉबी थॉमसनचा होम रन (चेंडू थेट भिंतीपलीकडे मारून मिळवलेली धाव) आपण पाहतो तो न्यूजरीलच्या कॅमेऱ्याने मैदानावरच टिपलेला. त्यावर ऐकू येणारा रस हॉजेस यांचा आवाज रेडिओचा आहे आणि तो मागाहून जोडलेला आहे. १९३२ मध्ये रिग्ली फील्डवर बेब रूथने खरंच बोट दाखवून होम रन मारला का, या वादात पुन्हा पुन्हा दाखवली जाणारी दृश्यं हौशी प्रेक्षकाच्या १६ मिमी कॅमेऱ्यातली. डॉन लार्सनचा १९५६ चा निर्दोष सामना (त्याने समोरच्या संघाच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोचू दिलं नाही) मात्र किनेस्कोप, आणि त्यातला पहिला डाव नाही. तिन्ही फिल्मच, पण पहिल्या दोन डोळ्यासमोरच्या मैदानाच्या आणि तिसरी टीव्हीच्या पडद्याची.

ओळखायचं कसं? चित्राचे कोपरे गोलसर, कडा अंधारलेल्या, बारकाईने पाहिल्यास आडव्या ओळी, उन्हातले पांढरे कपडे फुटून भोवती पसरलेली झळाळी आणि त्यावर फिल्मचे ओरखडे, धूळ: हे सगळं एकत्र असेल तर किनेस्कोप. हालचाल एकदम गुळगुळीत आणि मधूनच क्षणभर आडवी रेघ चमकून जात असेल तर टेप. खेळाडू बाहुल्यांसारखे तुरुतुरु पळत असतील तर ती मूकपटाच्या काळातली फिल्म. सेकंदाला १६-१८ चौकटींनी टिपलेली फिल्म २४ ने चालवल्याचा तो परिणाम. बेब रूथ असा दुडुदुडु धावत नव्हता, चूक चालवणाऱ्याची आहे.

आणखी एक गल्लत: किनेटोस्कोप. मधल्या 'टो'ने सगळंच बदलतं. ते एडिसनच्या कारखान्यातलं १८९० च्या दशकातलं पेटीयंत्र, ज्यात एका वेळी एकानेच भोकातून डोकावून फिल्म पाहायची. टीव्हीशी त्याचा काही संबंध नाही.

राहिला 'चित्रफीत'. फीत म्हणजे पट्टी, त्यामुळे फिल्म आणि टेप दोन्हींना हा शब्द लागतो आणि इथे तर सगळा प्रश्न या दोहोंतल्या फरकाचाच आहे. बातमीच्या मथळ्यात तो खपून जाईल, फोटोओळीत किंवा संग्रहाच्या नोंदीत वापरू नये. 'दूरचित्रमुद्रण' वगैरे घडवलेले शब्द वाचकाला आणखी कोड्यात टाकतात. किनेस्कोप तसाच ठेवावा, टेलिस्कोपसारखा पुल्लिंगी चालवावा (तो किनेस्कोप, किनेस्कोपचं रीळ, किनेस्कोपवरून), आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'टीव्हीच्या पडद्यावरून टिपलेली फिल्म' एवढं लिहावं.