वीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा घोडेस्वारी सुरू करून स्वतःचा घोडा घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तरुणपणी सात-आठ वर्षं नियमित घोड्यावर बसत होतात, मग वीस वर्षं खंड पडला आणि आता पंचेचाळिशीत स्वतःचा घोडा घ्यायचाय. जुनं किती आठवेल, घोडा कसा निवडावा आणि पडायची भीती वाटते तिचं काय, असे तीन प्रश्न आहेत. पण आधी एक चौथा: त्या सात-आठ वर्षांत खोगीर कोण चढवायचं? चंदी (दाणा) आणि वैरण कोण घालायचं, नालबंदाला कोण बोलवायचं? बहुतेकांचं उत्तर ‘मोतद्दार’ किंवा ‘तबेल्यातलं कुणीतरी’ असंच असतं. म्हणजे बसणं तुम्ही विसरला असाल तरी काही महिन्यांत परत येईल. घोडा पाळणं मात्र तुम्ही कधी शिकलाच नव्हतात, ते पहिल्यापासून शिकायचंय.

म्हणून माझा सल्ला असा की पहिले सहा महिने घोडा घेऊ नका. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, शिक्षकाच्या शांत, कसलेल्या घोड्यावर बसा. त्यातले शेवटचे दोन-तीन महिने कुणाच्या तरी घोड्यात भागीदारी करा: ठरलेल्या दिवशी लीद काढण्यापासून खरारा करण्यापर्यंत (ब्रशने अंग घासण्यापर्यंत) सगळं तुमच्याकडे. रोजचे दोन तास कुठून काढायचे आणि तुम्ही आजारी पडलात तर ते काम कोण करणार, हे तिथेच कळतं.

आता जुनं किती आठवेल. डोक्याला सगळं आठवतं, अडचण तीच आहे. दुडकी चाल सुरू झाली की बाहेरचा पुढचा पाय पुढे जाताना उठायचं, मागे येताना बसायचं, हे पहिल्याच दिवशी जमेल. पण मांडीच्या आतले स्नायू, कंबर आणि पोट वीस वर्षं खुर्चीत बसलेले असतात. दहा मिनिटांत ते थकतात आणि शरीर गुडघ्यांनी खोगीर आवळायला लागतं. गुडघे आवळले की बैठक वर उचलली जाते, पोटरी मागे सरकते आणि टाच घोड्याच्या कुशीला टोचते. घोडा त्याचा अर्थ ‘चल पुढे’ असा लावतो आणि वेग वाढवतो. वेग वाढला की तुम्ही आणखी आवळता. ‘घोडा ऐकत नाही’ अशा तक्रारी बऱ्याचदा इथे सुरू होतात, आणि त्यात घोड्याची काही चूक नसते.

यावर उपाय जुनाच आहे. शिक्षकाने लांब दोरीवर घोडा 15 ते 20 मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरवायचा. तुमच्या हातात लगाम नाही, पायात रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) नाहीत. आधी फक्त साध्या, पायी चालीवर, दहा-पंधरा मिनिटं, हात बाजूला पसरून. लगाम नसला की तोल लगामाला लटकून सांभाळायची सवय आपोआप सुटते. महिनाभर प्रत्येक शिकवणीची सुरुवात अशी केलीत तर मांड पक्की होते. मोठ्या माणसांना हे पोरखेळ वाटतं, म्हणून ते टाळतात, आणि पुढे वर्षभर घोड्याचं तोंड ओढत बसतात.

घोड्यावर चढताना 50-60 सेंटिमीटर उंचीचा ठोकळा वापरा. जमिनीवरून चढलात की तुमचं सगळं वजन डाव्या रिकिबीवर येतं, खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि घोड्याची पाठ पिळवटते. डाव्या रिकिबीचा पट्टाही ताणून लांब होतो, म्हणून दर महिन्याला डावा-उजवा पट्टा अदलाबदल करा. रिकीब बुटापेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद हवी. त्याहून अरुंद असली तर पडताना पाय अडकतो, फार रुंद असली तर पूर्ण पाऊल आरपार जातं. बुटाला छोटी टाच हवी आणि तळ फार खाचांचा नको. जुनं हेल्मेट कपाटात असेल तर ते टाकूनच द्या. आतला फोम वयाने कडक होतो आणि एका जोरदार आपटण्याने दबतो, बाहेरून काही दिसत नाही. पाच वर्षं झाली किंवा एकदा डोकं आपटलं, की नवं घ्यायचं.

घोडा निवडताना पहिला आकडा वजनाचा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,877, म्हणजे अंदाजे किलो. घेर 170 आणि लांबी 150 आली तर घोडा सुमारे 365 किलोचा. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत ठेवा, 15 टक्क्यांजवळ असलं तर उत्तम. म्हणजे या घोड्याला 73 किलो ही वरची हद्द. तुम्ही 70 किलोचे आणि खोगीर 8 किलोचं असेल, तर हा घोडा कितीही गोड असला तरी तुमचा नाही.

वय दहा ते सोळाच्या दरम्यान बघा. चांगली देखभाल असली तर घोडे पंचवीस-तीस वर्षं जगतात, त्यामुळे चौदा म्हणजे म्हातारा नव्हे. उलट त्याने गाड्या, कुत्री, उडणारे प्लॅस्टिक असं सगळं पाहिलेलं असतं. चार वर्षांचा देखणा घोडा ‘आपण दोघं मिळून शिकू’ म्हणून घेणं ही परतलेल्या स्वारांची सर्वांत महागडी चूक. दोघांपैकी एकाला तरी काम येत असावं लागतं.

बघायला जाल तेव्हा घोडा तुमच्यासमोर पकडायला, बांधायला, खरारा करायला आणि खोगीर चढवायला सांगा. आधीच खोगीर चढवून ठेवलेला, अंगावर वाळलेल्या घामाच्या रेषा असलेला घोडा दिसला, तर त्याला आधी दमवलंय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी न कळवता जा. आधी मालकाने बसावं, मग तुमच्या शिक्षकाने, मग तुम्ही. पशुवैद्यक तुमचा हवा, विकणाऱ्याचा नाही. पाय दुमडून धरून सोडल्यावर घोडा पळवून लंगडेपणा तपासणं, डोळे, हृदय, फुप्फुसं, दात हे सगळं तर होईलच, पण रक्ताचा नमुनाही घ्यायला सांगा. वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध देऊन घोडा दाखवणं ही नवी गोष्ट नाही.

खोगिराबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे डोळ्यांनी आणि बोटांनी बरंच तपासता येतं. खोगीर आधी जरा पुढे ठेवा आणि केसांच्या दिशेने मागे सरकवा. ते आपल्या जागी येऊन थांबतं. पुढची कड खांद्याच्या फऱ्याच्या मागे दोन-तीन बोटं हवी, नाहीतर प्रत्येक पावलाला फरा खोगिरावर आदळतो आणि घोडा छोटी पावलं टाकायला लागतो. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर, तुम्ही वर बसलेले असताना, दोन ते तीन बोटं मावली पाहिजेत. मागून वाकून बघा: कण्यावरच्या खाचेतून पलीकडचा उजेड सरळ दिसायला हवा. मग घोड्याची शेवटची बरगडी बोटाने शोधून वर कण्यापर्यंत रेष काढा. खोगीर त्या रेषेच्या पुढेच संपलं पाहिजे, कारण त्यामागच्या कमरेला बरगड्यांचा आधार नाही.

खरी परीक्षा अर्ध्या तासाच्या रपेटीनंतर. खोगीर काढल्यावर पाठीवर दोन्ही बाजूंना सारखा ओलावा आणि मध्ये कण्यावर कोरडी पट्टी दिसली तर ठीक. ओल्या भागात तळहाताएवढा कोरडा डाग दिसला, तर तिथे इतका दाब पडलाय की घामसुद्धा आला नाही. हेच चालू राहिलं तर काही महिन्यांनी तिथे पांढरे केस उगवतात. मराठीत आपण निरुपयोगी भरण्याला ‘खोगीरभरती’ म्हणतो, पण खऱ्या खोगिरात भरतीवरच सगळं अवलंबून असतं. आत भरलेल्या लोकरीच्या गुठळ्या झाल्या की दाब एका जागी येतो. कामाने घोड्याच्या पाठीचा आकारही बदलतो, म्हणून दर सहा महिन्यांनी हे पुन्हा तपासा. तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) एकदम आवळू नका. तीन टप्प्यांत आवळा, प्रत्येक पुढचा पाय उचलून पुढे ताणा म्हणजे तंगाखालची कातडीची घडी सुटते, आणि पाच मिनिटं चालवल्यावर पुन्हा बघा. बरेच घोडे पोट फुगवून उभे राहतात.

खाण्याचं गणित सोपं आहे, लोकच ते अवघड करतात. घोड्याचं पोट लहान आणि त्यात आम्ल दिवसभर पाझरतं, खाणं असो वा नसो. त्यामुळे वैरणीत तासन् तासांचे खंड पडले की पोटात व्रण होतात. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण रोज, म्हणजे 450 किलोच्या घोड्याला सुमारे 7 ते 9 किलो, चार भागांत विभागून. हे काट्यावर तोलून द्या, डोळ्यांच्या अंदाजाने नाही. हिरव्या गवतात बहुतांश पाणीच असतं, म्हणून त्याचं वजन या हिशेबात धरू नका. हलकं काम करणाऱ्या घोड्याला चंदी फार कमी लागते. दिलीच तर एका वेळी दोन किलोच्या आत, कारण जास्तीचा स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि त्यातून पोटशूळ किंवा खुरांचा दाह होतो. कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. पाणी रोज 25 ते 45 लिटर, उन्हाळ्यात याहून जास्त. मिठाचा खडा कायम समोर.

सकाळी खोगिराला हात लावण्याआधी पाच मिनिटं घोड्याला हात लावा. खूर टाचेकडून पुढच्या टोकाकडे साफ करा, मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या बाजूच्या खाचा नीट मोकळ्या करा. तिथे काळं, चिकट आणि कुजल्याचा वास येणारं काही दिसलं तर खूर सडायला लागलाय. ओली लीद साचलेलं ठाण हे त्याचं नेहमीचं कारण. मग घोट्याच्या मागच्या बाजूला, आतून आणि बाहेरून, दोन बोटं ठेवून नाडी शोधा. निरोगी घोड्यात ती कशीबशी लागते. ती बोटाखाली ठणठण उडत असेल, खूर गरम असेल आणि घोडा वजन मागे टाकून उभा असेल, तर ती खुरदाहाची लक्षणं आहेत. त्या दिवशी रपेट नाही, थेट पशुवैद्यक. विश्रांतीत हृदयाचे ठोके मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, तापमान 38 अंशांच्या आसपास. आपल्या घोड्याचे आकडे आठवडाभर लिहून ठेवा, म्हणजे बिघाड लगेच कळतो.

पोटशूळ ओळखणं तुमच्यावरच आहे. खाणं सोडणं, पोटाकडे वळून बघणं, पुढच्या पायाने माती उकरणं, परत परत बसणं-लोळणं, लीद न होणं. घोड्याला उलटी होत नाही, आत गेलेलं वाट चुकलं तर बाहेर यायला रस्ता नाही. वैरण काढून घ्या, फोन लावा, ठोके मोजून सांगा. वैद्यकाला विचारल्याशिवाय वेदनाशामक देऊ नका. दुखणं झाकलं जातं आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

बाकीचं वेळापत्रक वहीत लिहून टाका: नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी, दात वर्षातून एकदा, धनुर्वाताची लस चुकवायची नाही, जंतांचं औषध लिदीतली अंडी मोजून. आणि घोडा एकटा ठेवू नका. कळपातलं जनावर आहे, एकटं पडलं की भिंत चावतं, डोलत राहतं.

राहिली भीती. पंचेचाळिशीत ती वाटते कारण पडलं की काय होतं हे आता माहीत असतं. ती जावी म्हणून वाट बघू नका, तिला काम द्या. थांबवण्याचा सराव उभ्या घोड्यावर सुरू करा: एक लगाम हळूच आखूड करून घोड्याचं तोंड तुमच्या गुडघ्याकडे आणा, मागचे पाय एकमेकांना ओलांडून तो स्थिर झाला की लगेच ढील द्या. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा, मग चालीवर, मग दुडकीवर. घोडा बुजला की शरीर पुढे वाकून गोळा होतं आणि श्वास अडतो, नेमकी तीच स्थिती पडायला सोयीची; म्हणून मोठ्याने आकडे मोजा, श्वास आपोआप चालू राहतो. घोडा भरधाव सुटलाच तर मात्र मान एकदम वळवू नका, तो तुमच्यासकट पडेल. जागा असेल तिथे मोठं वर्तुळ घ्या आणि ते फेरीगणिक लहान करत आणा.